तायडे झोपले आहेत

नाओमी, अर्जुन,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर नाओमीने मला एक प्रश्न विचारला आणि मी दुधाचं निमित्त करून फोन ठेवला. दूध तेव्हा गॅसवर नव्हतं.

तिला शाळेत एक प्रकल्प दिला आहे. टीव्हीवर, सिनेमात आणि बातम्यांत कृष्णवर्णीय बाप कसे दाखवतात, आणि त्याचा माणसांवर काय परिणाम होतो. तिने त्यासाठी बरेच दिवस टीव्ही पाहिला आणि वहीत लिहून काढलं. हा बाप तुरुंगात. हा घर सोडून गेलेला. हा असून नसल्यासारखा. ते मला वाचून दाखवल्यावर तिने विचारलं, "आजी, माझ्या बाबांना भेटायच्या आधी त्यांच्याबद्दल तुला काय वाटलं होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे आहे. पण ते सांगायचं तर आधी तायडे यांच्याबद्दल सांगावं लागेल. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. हे पत्र तुमची आई तुम्हाला वाचून दाखवील. तायड्यांची वाक्यं तिने तशीच वाचावीत, सुधारू नयेत.

आम्ही तेव्हा अकोल्याला राहत होतो, मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात. तिथल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवत असे. अकोल्यात नळाला रोज पाणी येत नसे. चार दिवसांनी, कधी पाच, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. ते नेमकं कधी येणार हे आमच्या गल्लीपुरतं एकाच माणसाला ठाऊक असे. तो माणूस म्हणजे श्रावण तायडे, पाणीपुरवठ्याचे वॉलमन. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी रस्त्यात लोखंडी झाकणाचा एक खड्डा असतो. त्याच्या तळाशी वॉल, म्हणजे पाइपाचा व्हॉल्व्ह. तो उघडायला छातीइतकी उंच लोखंडी चावी लागते, वर आडवी मूठ असलेली. तायडे ती सायकलच्या दांडीला जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधून आणत. ती मागे-पुढे इतकी बाहेर निघे की सायकल वळवताना त्यांना खाली उतरावं लागे.

त्यांची फेरी पहाटे तीनला सुरू होई. आमची गल्ली साडेपाचच्या सुमारास. खाकी शर्ट, इस्त्री केलेला. गळ्यात लाल दुपट्टा. चावी खड्ड्यात बसवली की लगेच फिरवत नसत. आधी वाकून मुठीला कान लावत आणि हाताने आम्हाला गप्प राहायला सांगत. पाइपात हवा आहे की पाणी, हे त्यांना लोखंडातून ऐकू येई. मग म्हणत, "येऊन राह्यलं." पाऊण मिनिटाने आमच्या नळाला खोकला यायचा आणि धार लागायची. जाताना सायकलची घंटी दोनदा. जी घरं अजून झोपलेली असतील त्यांच्यासाठी.

चहा विचारला तर म्हणत, "अजून सात वॉल बाकी हायेत बाई." सगळी फेरी संपल्यावर विचारला तर म्हणत, "आता झोप बाकी हाये." इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे चहा घेतल्याचं मला आठवत नाही. थोडा दोष माझाही असेल. कोणाला किती आग्रह करायचा याचा आमच्या घरी एक अलिखित नियम होता आणि तो कोणासाठी किती आहे हे सगळ्यांना न सांगता समजत असे. तायडे बौद्ध होते. बार्शीटाकळीच्या रस्त्याला त्यांची वस्ती होती.

त्यांची मुलगी सुजाता पाचवीत आमच्या शाळेत आली. त्या वस्तीतली बरीच मुलं आमच्याकडे होती. शाळेचा एक रिवाज होता, तो मी आल्यापासूनचाच होता आणि मला कधी खटकला नव्हता. पालकसभेची चिठ्ठी इतर मुलांच्या वडिलांच्या नावाने जाई. त्या वस्तीतल्या मुलांची मात्र आईच्या नावाने. यामागे वाईट हेतू नव्हता. तिथले बाप पितात, सभेला येणार नाहीत, आले तर धड अवस्थेत नसतील, तेव्हा आईलाच बोलवावं, असा विचार होता. ही आमची समज वस्तीत जाऊन झालेली नव्हती. वर्तमानपत्र, सरकारी जाहिरातींतली चित्रं आणि स्टाफरूम, एवढ्यावरच ती झाली होती.

पहिल्याच सभेला दुपारी बारा वाजता तायडे दारात उभे राहिले. चिठ्ठी हातात.

"तुमच्या मिसेसना बोलावलं होतं," मी म्हटलं.

"हो ना, तिच्याच नावानं हाये. पण तिले मजुरी पाडता येत नाई बाई. मले झोप पाडता येते."

ते मागच्या बाकावर बसले आणि सगळं ऐकलं. शेवटी शंका विचारा म्हटल्यावर एकट्यांनी हात वर केला. "पोरीची पेन्सिल मी रोज संध्याकाळी ब्लेडनं टोकून देतो. तरी थे शाळेतून मोडून आणते. लिहिताना दाबते का कोनी मोडते, थे पाहा जरा." पुढच्या सभेची चिठ्ठी पुन्हा आईच्या नावाने गेली आणि पुन्हा तेच आले. दहावीपर्यंत असंच चाललं. चिठ्ठ्या कोणाच्या नावाने जातात ती यादी बदलावी असं आम्हाला वाटलं नाही. ते अपवाद आहेत असं आम्ही मनाशी म्हणत राहिलो. त्याने यादीला धक्का लागला नाही.

आता नाटकाचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी व्यसनमुक्तीवर एक नाटिका असे आणि ती मी लिहीत असे. दारुडा बाप, मार खाणारी आई, शाळा सुटलेली मुलगी. शेवटी बाप बाटली फोडतो. टाळ्या ठरलेल्या. गावातल्या केबलवरही ती एकदा दाखवली होती. बापाला मी वऱ्हाडी बोली दिली होती, आणि नाटकातले डॉक्टर व मास्तर पुस्तकी मराठी बोलत. बापाचा वेशही ठरलेला होता. खाकी शर्ट, गळ्यात दुपट्टा.

सुजाता सातवीत होती तेव्हा तायडे ते पाहायला आले. खाकी शर्टात, गळ्यात दुपट्टा. प्रयोग संपल्यावर मी मांडवाच्या दाराशी उभी होते. ते थांबले.

"मस्त झालं नाटक, बाई. पोट्ट्यानं झोकांड्या तर अशा खाल्ल्या का इचारू नका."

"आभारी आहे."

"एक सांगू का? राग नोका मानू."

"सांगा ना."

"त्या बापाले एकडाव सकायी उठलेला दाखवा. निदान एकडाव. लोकाईले वाटते थो उठतच नाई."

मी हसले. ते गमतीने बोलले असं मी धरून चालले. पुढच्या वर्षी तीच नाटिका, तोच शर्ट.

सुजाता बारावीत असताना तिची एक प्रवेशपरीक्षा अमरावतीला होती. त्या दिवशी आमच्या भागाची पाण्याची पाळी होती. तायड्यांनी तीनपासून फेरी केली, सगळे वॉल उघडले, घरी जाऊन मुलीला घेतलं आणि मिळाली ती एसटी पकडली. परीक्षेला बॅग आत नेऊ देत नाहीत. ती त्यांच्याकडे राहिली. त्या बॅगेवर त्यांनी स्वतः पांढऱ्या रंगाने तिचं नाव लिहिलं होतं, क्लासमध्ये बॅगांची अदलाबदल होऊ नये म्हणून. मुलगी आत गेली. तीन तास हातात होते. भिंतीलगत कडुनिंबाची सावली होती. तायडे बॅग उशाला घेऊन फुटपाथवर आडवे झाले. तिथे आणखीही बाप होते. सुजाताने मला नंतर सांगितलं, ती बाहेर आली तेव्हा रस्त्याच्या कडेला मोटारींच्या रांगा होत्या आणि सीट मागे पाडून आत बहुतेक सगळेच बाप झोपलेले होते. काचा वर करून.

अमरावतीच्या एका दैनिकात तेव्हा व्यसनाधीन बापांवर लेखमाला चालू होती. चौथ्या दिवशीच्या लेखासोबत तायड्यांचा फोटो आला. खाली ओळ होती, "भर दिवसा रस्त्यावर पडलेला एक बाप." ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी छापली होती. उशाच्या बॅगेवरचं नाव मात्र स्पष्ट वाचता येत होतं. सुजाता तायडे, बारावी.

आता जे सांगते ते नाओमीच्या वहीसाठी आहे. मी सकाळी चहा घेत पेपर पाहत होते. नाव वाचलं. तुमच्या आबांना म्हटलं, "बघा, तायडेसुद्धा." आबा नुकतेच आंघोळ करून बाहेर आले होते. टॉवेलने डोकं पुसत त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "अरेरे." त्या दिवशीही पाणी आलं होतं. मोरीत बादल्या भरलेल्या होत्या. साडेपाचला घंटी दोनदा वाजलेली मी स्वतः ऐकली होती. पहाटे तीनला उठणारा माणूस दुपारी कुठेतरी झोपणारच, हे साधं गणित त्या घरात दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. नऊ वर्षांची ओळख एका बाजूला आणि तळहाताएवढा एक फोटो दुसऱ्या बाजूला. मी फोटोवर विश्वास ठेवला.

दुपारी ते आले. पेपरची घडी शर्टाच्या खिशात.

"बाई, एक अर्ज लिहून द्याल का?"

मला त्यांच्याकडे पाहवेना. बहुधा त्यामुळेच मी फार जोरदार अर्ज लिहिला. नाहक बदनामी, मानसिक यातना, जाहीर माफी. पानभर. त्यांनी तो मोठ्याने वाचायला लावला आणि मान हलवली.

"एवढं नोको. फक्त लिहा, मी झोपलेलो होतो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर अमरावतीला गेले. दैनिकाच्या कचेरीत एक उपसंपादक भेटले. सभ्य माणूस, आम्हाला खुर्च्या दिल्या. तायडे बसले नाहीत. आदल्या दिवसापासून त्यांनी चारचौघांत बसणंच सोडलं होतं.

"चेहरा झाकला आहे ना आपण," उपसंपादक म्हणाले. "ओळखू येत नाही."

"चेहरा झाकला, बराबर हाये. पोरीचं नाव नाई झाकलं."

उपसंपादकांनी पेपर जवळ घेऊन पाहिला. त्यांनी ते खरंच पाहिलं नव्हतं, असं मला वाटलं. त्यांचा चेहरा उतरला. "चूक झाली. तुमचं काही नुकसान झालं असेल तर सांगा."

"मले काई नोको. माहा एक फोटो काढा अन् छापा. तेवढ्याच जागेत. मी उठलेलो हाये असा."

"म्हणजे?"

"उद्या सकायी तीन वाजता या अकोल्याले. मी चावी फिरवतो, तुमी फोटो काढा. खाली लिहा, हा थोच बाप हाये."

उपसंपादक थोडं हसले, चेष्टेने नव्हे. "काका, माणूस कामावर गेला याची बातमी होत नाही हो."

"अन् माणूस झोपला याची होते?"

त्यांनी अर्ज ठेवून घेतला. आठवड्याने सातव्या पानावर, एका जाहिरातीखाली, दोन ओळींचा खुलासा आला. संबंधित छायाचित्रातील व्यक्तीचा लेखाच्या विषयाशी संबंध नाही. व्यक्तीचं नाव त्यात नव्हतं. फोटो पाहिलेल्यांपैकी तो खुलासा वाचलेला माणूस मला आजतागायत भेटलेला नाही.

क्लासमध्ये कोणीतरी तो फोटो कापून फळ्याशेजारी चिकटवला. सुजाताने तक्रार केली नाही. स्वतःच काढला आणि परत जागेवर जाऊन बसली. पंधरा दिवसांनी दुसरी परीक्षा होती, पुन्हा अमरावतीलाच. त्या परीक्षेच्या आधी पाणी आलं त्या दिवशी तायडे चावी फिरवता फिरवता मला म्हणाले, "पोरगी म्हनते, बाबा, तुमी नका येऊ माह्यासंग."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनतो? म्हटलं, बॅग कोन सांभायन? तर म्हने, बॅग नेतच नाई."

त्यांनी मुठीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. पाणी केव्हाच आलं होतं.

त्या वर्षी मी नाटिकेत एक प्रवेश वाढवला. बाप पहाटे उठतो, डबा घेऊन कामाला जातो, संध्याकाळी मुलीच्या पेन्सिलीला टोक काढून देतो. मुख्याध्यापक तालमीला आले. म्हणाले, "चांगला आहे, पण याने नाटकाचा परिणाम कमी होतो." प्रवेश गळला. मी नाटिका लिहिणं सोडलं, पण ती माझ्याशिवायही चालू राहिली. तिला आता लेखकाची गरज उरली नव्हती.

पुढच्या काही वर्षांत सुजाता शिकायला अमरावतीला राहिली आणि तायडे आमच्या गल्लीत पूर्वीसारखेच येत राहिले. घंटी दोनदा, शर्ट इस्त्रीचा. पण ते कुठेही बसत नसत. कचेरीत, दवाखान्यात, एसटी स्टँडवर, उभे. आमच्या ओट्यावर बसा म्हटलं तर म्हणत, "बसलं का डोया लागते बाई."

तेव्हा तुमची आई अमेरिकेत होती. एके दिवशी तिचा फोन आला की तिला तुमच्या बाबांशी लग्न करायचं आहे. ते कृष्णवर्णीय आहेत हेही तिने त्याच वाक्यात सांगितलं, म्हणजे तो प्रश्न नंतर उरू नये. आपल्याकडे कोणतंही स्थळ आलं की पहिला प्रश्न असतो, "वडील काय करतात?" माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात तो विचारला गेला, माझ्या लग्नात विचारला गेला. मी तुमच्या आईला तो विचारला नाही. मी विचारलं, "तो लहान असताना त्याचे वडील घरी होते का गं?"

ती म्हणाली, "आई, हे तू कोणत्या सिनेमात पाहिलंस?"

नाओमी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मी आयुष्यात एकाही कृष्णवर्णीय माणसाशी बोललेले नव्हते. माझ्याकडे होतं ते सगळं पडद्यावरचं. आणि तायड्यांचा फोटो प्रकार माझ्या डोळ्यांदेखत घडून गेलेला असूनही मी तो प्रश्न विचारला. हे तू तुझ्या वहीत लिहावंस असं मला वाटतं. माझ्या नावासकट लिहिलंस तरी चालेल.

त्या आठवड्यात मी तायड्यांना सांगितलं, मृणालचं लग्न ठरलंय, मुलगा अमेरिकन आहे, कृष्णवर्णीय. त्यांनी चावीवर दोन्ही हात टेकले.

"वडील काय करते पोराचे?"

"शाळेची बस चालवायचे. आता निवृत्त झालेत."

"मंग पहाटीच उठत असतीन थे," तायडे म्हणाले, आणि पुढच्या वॉलकडे गेले.

लग्नानंतरच्या स्वागत समारंभासाठी तुमचे ग्रँडपा वॉल्टर अकोल्याला आले. डिसेंबरची थंडी होती. इतक्या लांबच्या प्रवासाने त्यांची झोप उलटीपालटी झाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर ते फाटकाशी शाल गुंडाळून उभे. फटफटत होतं. तेवढ्यात तायडे आले. दोघांनी एकमेकांना पाहिलं. तायड्यांनी सायकल लावली, चावी सोडवली आणि खड्ड्यात बसवली. मग मूठ ग्रँडपांच्या पुढे केली. ग्रँडपांनी कान लावला. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते तुम्ही पाहिलेलं आहे, अर्जुनच्या वाढदिवसाच्या फोटोत तेच आहे. मग त्यांनी चावी फिरवली.

"एका दमात!" तायडे मला म्हणाले. "नवीन माणसाले तीनदा थांबा लागते बाई."

त्यानंतरचं बोलणं माझ्यामार्फत झालं. इकडून वऱ्हाडी, तिकडून इंग्रजी, मधे मी.

"इचारा त्याईले, किती वाजता उठत होते?"

"साडेतीन."

"मंग झोपत कुठी होते दुपारी?"

ग्रँडपा म्हणाले, बसमध्येच. मुलांना सोडून आलं की दुपारच्या फेरीपर्यंत मागच्या सीटवर. एकदा एका पोलिसाने काच ठोकून विचारलं होतं, ही बस कोणाची? ते म्हणाले, माझी. पोलिसाला पटायला थोडा वेळ लागला. आणि एकदा, त्यांनी सांगितलं, तुमच्या बाबांच्या वर्गात बापासाठी शुभेच्छापत्र बनवायचं होतं. बाईंनी तुमच्या बाबांना प्रेमाने सांगितलं, तू मामासाठी बनवलंस तरी चालेल हं. ग्रँडपा त्या वेळी खिडकीतून दिसतील अशा अंतरावर बस लावून त्यांची वाट पाहत होते.

मी हे भाषांतर करून सांगितलं. तायडे हसले नाहीत, हळहळलेही नाहीत. त्यांनी एकच विचारलं.

"पोरानं कधी म्हटलं का त्याईले, तुमी नका येऊ म्हनून?"

मला ते इंग्रजीत सांगायला थोडा वेळ लागला. ग्रँडपांनी शाल सारखी केली. "हो. पंधरा वर्षांचा होता. म्हणाला, एक कोपरा आधी सोडा मला."

"मंग?"

"मग मी एक कोपरा आधी सोडायचो. आणि तो आत जाईपर्यंत थांबायचो."

तायड्यांनी मान डोलावली. "मी बी," ते म्हणाले. "मांगच्या गाडीनं जात होतो. थे गेटातून आत गेली का रसवंतीपाशी उभा राहो. सुटायच्या टायमाले निघून येवो. तिले नाई मालूम अजून."

हे मलासुद्धा तेव्हाच समजलं. सगळ्या परीक्षांना ते गेले होते, उसाच्या रसाच्या दुकानापाशी तीन-तीन तास उभे. ग्रँडपांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी तायड्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तायडे म्हणाले, "अजून सात वॉल बाकी हायेत." ग्रँडपा त्यांच्याबरोबर सातही वॉलना पायी गेले. आठ वाजता परत आले. गल्लीत त्यानंतर बरेच दिवस यावर बोलणं चाललं. चावी किती जड होती हे तुम्ही त्यांना फोनवर विचारा. त्यांना आठवत असेल.

आबा गेल्यावर मी अमरावतीला राहायला आले. तायडे निवृत्त झाल्याचं ऐकलं होतं. गाठ पडत नव्हती.

गेल्या नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला एका सरकारी कचेरीत गेले होते. पेन्शन घेणाऱ्यांना दरवर्षी आपण जिवंत आहोत हे तिथे जाऊन सांगावं लागतं. व्हरांड्यात आमची रांग होती. रांगेच्या टोकाला साहेबांच्या खोलीच्या दाराशी एक बाक होता आणि त्यावर तायडे झोपले होते. पाय पोटाशी, तोंड किंचित उघडं, दुपट्टा डोळ्यांवर. शर्ट पांढरा होता, पण इस्त्री तीच. शेजारी एक डबा.

मी जागच्या जागी थांबले. इतक्या वर्षांत मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं, त्या फोटोखेरीज.

माझ्या पुढचे गृहस्थ, हातात दाखल्याचा फॉर्म, मागे वळून म्हणाले, "सकाळीच लावलेली दिसते." मी तोंड उघडलं. पण त्याआधी खोलीचं दार उघडलं आणि सुजाता बाहेर आली. साडी, चष्मा, हातात कागद. तिने ते ऐकलं होतं.

"माझे बाबा आहेत," ती त्या गृहस्थांना म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. "मी रोज अकोल्याहून येते. आज डबा घरी राहिला, तो घेऊन आले. रिटायर झाले तरी तीनलाच उठतात. झोपू द्या त्यांना."

मग तिची नजर माझ्याकडे गेली. "बाई, तुमी? थांबा, आलीच मी." तिने बाकाखाली घसरलेली त्यांची चप्पल पायाने नीट सरकवली आणि आत जाऊन शिपायाला व्हरांड्यातला पंखा लावायला सांगितला.

दाराच्या पाटीवर तिचं पूर्ण नाव होतं. आपल्याकडे मुलीच्या नावामागे बापाचं नाव लावतात. सुजाता श्रावण तायडे. खाली बाकावर श्रावण तायडे झोपलेले. येणारा-जाणारा प्रत्येक जण दोन्ही पाहत होता.

मी पर्समधून फोन काढला. तुम्हाला फोटो पाठवावा असं मनात होतं. कॅमेरा उघडला, ते चौकटीत नीट आलेसुद्धा. मग मी फोन परत पर्समध्ये ठेवला. माझा नंबर यायला अजून वेळ होता. मी रांगेत उभी राहिले. पंख्याने त्यांच्या डोळ्यांवरचा दुपट्टा उडत होता, तो तेवढा एकदा जाऊन सारखा केला.

तुमची,
आजी